‘पलीकडचा आवाज येत नाही’: अ‍ॅस्टरिस्कमधल्या दुरुस्त्यांची पार्श्वभूमी

आंब्याच्या दिवसांत देवगडच्या बागायतदाराकडे आणि मे महिन्यात मालवणच्या न्याहारी-निवासात फोनला उसंत नसते. चार एक्स्टेन्शन आणि रात्री घरच्या मोबाइलवर वळणारा कॉल एवढीच सोय हवी असेल, तर जुन्या संगणकावर बसवलेलं फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर अ‍ॅस्टरिस्क पुरतं. ते फुकट आहे आणि त्याचा कोड खुला आहे. बिघाड झाला की मात्र आपण मशीन रिस्टार्ट करतो, ओळखीच्या कुणाला तरी विचारतो, चालू झालं की विषय संपला. तो बिघाड कोड लिहिणाऱ्यांपर्यंत पोचतच नाही. मला हे फार खटकतं, कारण हे सॉफ्टवेअर आपल्या लाइनवर चालतं त्यामागे बिघाड नीट कळवणाऱ्या माणसांचे कष्ट आहेत.

सुरुवात १९९९ची. अमेरिकेत अलाबामातला मार्क स्पेन्सर हा विद्यार्थी लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीची सेवा देणारी छोटी कंपनी चालवत होता. ऑफिसातला फोन एक्स्चेंज विकत घेणं परवडेना, म्हणून त्याने तो स्वतःच लिहायला घेतला आणि जीपीएल या खुल्या परवान्याखाली (कोड कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येतो) सगळ्यांना दिला. त्याच सुमारास जिम डिक्सन यांनी टेलिफोन कार्डावरच्या महागड्या चिपा वगळल्या, त्यांचं काम साध्या प्रोसेसरकडून करून घेतलं आणि कार्डाचा आराखडाही खुला ठेवला. दोन्ही कामं जुळली आणि संगणक थेट टेलिफोनच्या तारेला जोडता येऊ लागला. त्या जोडणीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, आधी झापटेल होता, २००८ पासून दाहडी. अ‍ॅस्टरिस्कची १.० आवृत्ती २००४ मध्ये आली.

पण हे सगळं अमेरिकेतल्या तारेवर घडलेलं. तिथे कॉल करणाऱ्याचा नंबर पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधे येतो. आपल्याकडच्या अनेक एक्स्चेंजांवर मात्र आधी तारेवरचे धन-ऋण ध्रुव उलटायचे, मग कीपॅडच्या सुरांत नंबर यायचा आणि त्यानंतर घंटी वाजायची. घंटीची वाट बघत बसलेल्या सॉफ्टवेअरला तोवर होऊन गेलेलं काहीच कळत नसे. दाहडीची नमुना कॉन्फिग (सेटिंगची) फाइल आजही उघडून बघा. कॉलर आयडी कुठून सुरू झाला असं धरायचं, याच्या पर्यायांत ‘पोलॅरिटी’च्या खाली ‘पोलॅरिटी अंडरस्कोर आयएन’ हा वेगळा पर्याय आहे आणि तो भारतासाठी असल्याची टीपही शेजारीच आहे. ती ओळ मला फार मोलाची वाटते. जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पात आपल्या तारेची वागणूक अशी कायमची नोंदली गेली आहे.

दुसरी अडचण लाइन अडकण्याची. समोरच्याने फोन ठेवला तरी इथलं यंत्र लाइन धरून बसायचं. एक्स्चेंजकडून वेगळा इशारा येत नसेल, तर ऐकू येणाऱ्या एंगेज टोनवरूनच कॉल संपल्याचं ओळखावं लागतं. अमेरिकेत तो टोन ४८० आणि ६२० हर्ट्झचा मिळून, अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद. आपला ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. हे आकडे अ‍ॅस्टरिस्कच्या टोनच्या फाइलमध्ये भारताच्या विभागात आहेत. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरून लाइन खरखरू लागली की ही ओळख चुकू शकते, आणि ती वेळ कोकणाइतकी कुठे येणार?

तांब्याच्या तारेनंतर इंटरनेटवरचे कॉल आले आणि बिघाडाचं रूप बदललं. हे कॉल जोडण्या-तोडण्याचे निरोप ज्या पद्धतीने जातात ती सिप; तिचं आजचं मुख्य मानक जून २००२चं. त्यात आवाज कुठे पाठवायचा तो पत्ता निरोपाच्या आतच लिहिलेला असतो. राउटरमागचा फोन तिथे १९२.१६८ने सुरू होणारा घरातला पत्ता लिहितो आणि समोरचा सर्व्हर आवाज त्या पत्त्यावर पाठवत राहतो. घंटी वाजते, फोन उचलला जातो, एकाच बाजूचं ऐकू येतं. सिपचे कॉल हाताळणाऱ्या जुन्या भागात, म्हणजे सिप चॅनेलमध्ये, यासाठी एकेक सेटिंग वाढत गेलं. २०१३ मध्ये १२व्या आवृत्तीत पीजेसिप या तयार सिप-कोडवर आधारलेलं नवं चॅनेल आलं आणि २०२३ मध्ये २१व्या आवृत्तीतून जुनं काढून टाकलं. म्हणून जुनी कॉन्फिग जशीच्या तशी नव्या आवृत्तीवर टाकली तर फोन नोंदलेच जात नाहीत.

दुरुस्ती पाठवायची वाटही बदलत गेली. तक्रारी आधी मॅन्टिस, मग जिरा या तक्रारनोंदीच्या प्रणालींवर नोंदवल्या जात. २०१५च्या सुमारास कोड गिट या बदल नोंदवणाऱ्या प्रणालीवर आणि पाठवलेल्या दुरुस्त्यांची तपासणी गेरिटवर गेली, २०२३ पासून सगळं गिटहब या संकेतस्थळावर आहे. कोड देणाऱ्याला करारावर सही करावी लागते. हे सॉफ्टवेअर व्यावसायिक परवान्यानेही दिलं जात आलं आहे, त्यामुळे कंपनीला तो हक्क हवा असतो. आधी ती कंपनी डिजियम होती, २०१८ मध्ये सँगोमाने ती घेतली. काहींना ही अट जाचक वाटते. मला ती मान्य आहे, कारण लिहिलेला कोड जीपीएलखाली सगळ्यांना मिळतोच.

कोड लिहिता येत नसेल तरी चांगली तक्रार लिहिता येते. ‘आवाज येत नाही’ एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. आवृत्ती कोणती, फोन वायफायवर होता की मोबाइल डेटावर, सिप लॉगर (सिपचे निरोप टिपणारा) आणि आरटीपी डीबग (आवाजाची पॅकेट टिपणारा) चालू करून घेतलेला एकाच कॉलचा लॉग म्हणजे नोंद, आणि पॅकेट कोणत्या पत्त्यावर गेली, एवढं हवं. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. तसल्या नेटवर्कवरून, गुहागर किंवा वेंगुर्ल्यात रेंज येत-जात असताना घेतलेला लॉग परदेशातल्या प्रयोगशाळेत सहज मिळणारा नाही. तो पाठवण्याआधी त्यातले ग्राहकांचे नंबर, पासवर्ड आणि आपल्या सर्व्हरचा पत्ता तेवढा खोडावा.