सहा घरांचा फुटबॉल

बडोद्यात दांडिया बाजाराच्या एखाद्या घरात रात्री साडेआठला टीव्हीवर कोण काय बघतंय, हे मोजण्याच्या धंद्याची एक मुळी बडोद्यातच आहे. विक्रम साराभाईंनी १९६० मध्ये इथे ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप, म्हणजे 'ओआरजी' ही संस्था काढली. कुठलं औषध किती खपतं हे निवडक दुकानांवरून ताडणं हे तिचं नावाजलेलं काम. पुढे ती 'ओआरजी-मार्ग' झाली आणि दुकानांच्या जोडीला घरांतले टीव्हीही मोजायला लागली. २००१ मध्ये मुंबईतल्या मीटरवाल्या, म्हणजे टीव्हीवर काय लागलंय ते नोंदणारं यंत्र बसवलेल्या, घरांची गुप्त यादी फुटली, त्यानंतर दोन प्रतिस्पर्धी मोजणाऱ्यांचा एक झाला, आणि २०१५ पासून हे काम 'बार्क' करते. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था या तिघांच्या संघटनांची ही सामायिक कंपनी आहे.

शितावरून भाताची परीक्षा, हाच या सगळ्याचा पाया. केंद्र सरकारने २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार देशात टीव्ही असलेली सुमारे २३ कोटी घरं आहेत आणि मीटर आहेत सुमारे ५८ हजार घरांत. म्हणजे एक घर जवळजवळ चार हजार घरांच्या वतीनं बोलतं. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण क्रिकेटच्या मोठ्या सामन्यासाठी एवढी घरं पुरतात. फुटबॉलचं दुखणं वेगळं आहे, आणि ते समजायला आधी मीटर काय ऐकतो ते बघायला हवं.

मीटर चित्र बघत नाही, आवाज ऐकतो. वाहिनीच्या प्रक्षेपण केंद्रात, कार्यक्रम उपग्रहाकडे जाण्याआधी, एक एन्कोडर आवाजात एक सांकेतिक खूण मिसळतो: ही कुठली वाहिनी आणि आत्ता किती वाजलेत. माणसाच्या कानाची एक खोड इथे कामाला येते. एखाद्या पट्टीतला मोठा आवाज चालू असेल तर त्याच्या लगतच्या पट्टीतला बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. एन्कोडर सतत अशा मोठ्या आवाजांच्या सावल्या शोधतो आणि खूण त्यांत लपवतो. आपल्याला पत्ता लागत नाही, मीटरला लागतो. वेळही खुणेतच असल्यामुळे सेट-टॉप बॉक्सवर आठ-दहा सेकंद उशिरा आलेला सामना असो की रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी पाहिलेला, फरक कळतो. एकच सामना हिंदी, बंगाली आणि मल्याळम समालोचनासह तीन वाहिन्यांवर असेल तर तिन्हींच्या खुणा वेगळ्या.

फुटबॉलचा आवाज या तंत्राला फार मानवतो. मैदानातला गोंगाट जवळजवळ सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, त्यामुळे खूण लपवायला जागाच जागा. अडचण येते ती शांततेत. श्रद्धांजलीसाठी मैदान मिनिटभर स्तब्ध उभं राहिलं की लपवायला आवाजच उरत नाही. त्याहून मोठा घोटाळा म्हणजे थेट प्रक्षेपणाची जोडणी एन्कोडरला वळसा घालून जाणं. पडद्यावर सामना छान दिसतो, वाहिनीत कुणाला शंकाही येत नाही, आणि मोजणीत तेवढा वेळ कोरा. म्हणून राखीव एन्कोडर लागतो, आणि बाहेर जाणाऱ्या आवाजात खूण सापडते आहे की नाही हे तपासणारं वेगळं यंत्रही.

वाहिनी कळली, पण बघणारा कोण? ते मीटरला घरच्यांनी सांगायचं. प्रत्येकाच्या नावाचं एक बटण असतं. बघायला बसलात की दाबा, उठलात की पुन्हा दाबा. पाहुण्यांसाठीही सोय असते. आता बडोद्याच्या रावपुऱ्यातलं एखादं मीटरवालं घर डोळ्यांपुढे आणा. आठची मालिका संपली, नातवानं सामना लावला.

"आजी, तुझं बटण बंद कर ना."

"अरे, बघत्येय की मी."

आणि आजी खुर्चीतच पेंगल्या. घराचा आकडा बरोबर आला, पण मोटरसायकल विकणाऱ्या जाहिरातदाराच्या तक्त्यात सत्तरीच्या बाई फुटबॉलच्या प्रेक्षक म्हणून नोंदल्या गेल्या. नातू आपलं बटण दाबायला विसरला तर तो, म्हणजे ज्याच्यासाठी जाहिरातदार पैसे मोजतो तोच, गायब. (जाता जाता: या घरातली आठची मराठी मालिका गुजरातच्या बाजारपेठेत मोजली जाते. मराठी वाहिन्या ज्या तक्त्यावरून पहिला-दुसरा नंबर मिरवतात तो महाराष्ट्र आणि गोव्याचा. बडोद्याच्या मराठी घरांचं त्यात काहीच चालत नाही.)

अशी मिनिटामिनिटाची नोंद जमते. आठवडा शनिवार ते शुक्रवार, आकडे पुढच्या गुरुवारी. या आकड्यांत दोन शब्द कळीचे आहेत आणि बहुतेक बातम्या त्यांची गल्लत करतात. एक 'रीच': किमान थोडा वेळ तरी किती जणांनी पाहिलं. दुसरा सरासरी मिनिट-प्रेक्षक: कुठल्याही एका मिनिटाला सरासरी किती जण होते. दोन तासांच्या प्रक्षेपणात हजार घरांनी वाहिन्या बदलता बदलता प्रत्येकी एकच मिनिट सामना पाहिला, तर रीच हजार आणि सरासरी १०००÷१२०, म्हणजे आठाच्या आसपास. शंभर घरं पहिल्यापासून शेवटपर्यंत बसली तर रीच शंभरच, पण सरासरीही शंभर. इंडियन सुपर लीगचा २०१४ चा पहिला हंगाम सुमारे ४३ कोटी लोकांनी पाहिला असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. तो आकडा रीचचा होता, तोही पूर्ण हंगामाचा, भर घालत घालत वाढलेला. तो खोटा म्हणता येणार नाही. पण जाहिरातीचा दर त्यावर ठरत नाही.

सरासरीतही हातचलाखीला जागा आहे. साडेसात ते साडेनऊ असं प्रक्षेपण घ्या. खेळ चालू असतानाच्या ९० मिनिटांत शंभर घरं बसलेली. सामन्याआधीची गप्पाष्टकं, मध्यंतर आणि नंतरच्या मुलाखती धरून उरलेल्या ३० मिनिटांत चाळीसच. सगळ्याची सरासरी ८५ येते. पण वाहिनीनं आधीचा-नंतरचा भाग वेगळ्या नावाचा कार्यक्रम म्हणून नोंदवला, की 'सामन्याची' सरासरी शंभराकडे सरकते. बघणारा एकही वाढलेला नाही. दोन हंगामांची तुलना करताना कार्यक्रमाच्या सुरुवातीची आणि शेवटची वेळ म्हणूनच आधी बघावी. तशीच दुसरी युक्ती लँडिंग पेजची: सेट-टॉप बॉक्स सुरू केला की आपोआप जी वाहिनी समोर येते, ती जागा विकत घ्यायची. त्यातून येणारी उडी गाळण्यासाठी बार्क गाळणी लावते.

आता मूळ दुखणं. एखाद्या फुटबॉल सामन्याचं रेटिंग ०.२ टक्के आहे असं समजा, म्हणजे हजारात दोन घरं. देशभरच्या ५८ हजार घरांत ती होतात ११६. अशा छोट्या मोजणीत नशिबाचा हेलकावा साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. शंभरातल्या ९५ वेळा खरा आकडा या वर्गमुळाच्या दुपटीएवढ्या अंतराच्या आत सापडतो. ११६ चं वर्गमूळ पावणेअकरा, म्हणजे अधिक-उणे २१: चूक १८ टक्के. देशपातळीवर चालवून घेता येईल. पण बडोद्यातल्या एखाद्या कंपनीला फक्त गुजरातचा आकडा हवा आहे आणि तिथे, हिशेबापुरती, मीटरची तीन हजार घरं धरली, तर ०.२ टक्के म्हणजे सहा घरं. अधिक-उणे पाच. खरा आकडा एक घरापासून अकरा घरांपर्यंत कुठेही असू शकतो. पुढच्या आठवड्यात सहाची आठ झाली की 'गुजरातेत फुटबॉलची लोकप्रियता ३३ टक्क्यांनी वाढली' असा मथळा करता येतो, आणि घडलेलं काय असतं, तर दोन घरांत कुणीतरी रिमोट वेगळा दाबला. क्रिकेटचा पाच टक्के रेटिंगचा सामना याच ५८ हजारांत २,९०० घरं देतो आणि चूक साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहते. चूक निम्मी करायची तर घरं चौपट लागतात, आणि मीटरचा खर्चही तसाच वाढतो. लोकप्रिय खेळाची मोजदाद स्वस्तात अचूक होते आणि होतकरू खेळाची महागातही धूसर राहते. हा कुणाचा कट नाही, वर्गमुळाचा स्वभाव आहे.

शिवाय सयाजीराव विद्यापीठाच्या वसतिगृहात एका टीव्हीपुढे किंवा एका लॅपटॉपपुढे दाटीनं बसलेली पोरं या मोजणीत येतच नाहीत, कारण मीटर घरांत असतात. मोबाईलवरचं बघणं ॲपच्या सर्व्हरवर मोजलं जातं आणि तिथला लाडका आकडा असतो एका क्षणी सर्वाधिक किती जण जोडलेले होते तो. तो म्हणजे शिखर. टीव्हीचा आकडा म्हणजे सरासरी. दोन्ही एका ओळीत छापणं चूकच, तरी रोज छापले जातात.

मग सामने दाखवण्याच्या हक्कांचे सौदे कशावर ठरतात? रेटिंगवर ठरतात, पण त्याआधी खेळ किती वेळा थांबतो यावर. टी-२० मध्ये प्रत्येक षटकानंतर, प्रत्येक बळीनंतर जाहिरातीला फट मिळते. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं घड्याळ थांबत नाही. आपल्याकडे तासाला १२ मिनिटं जाहिरातींची मर्यादा आहे. फुटबॉल दाखवणाऱ्या वाहिनीला तीही धड वापरता येत नाही, सगळी मदार मध्यंतरावर. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ च्या हक्कांना ४८,३९० कोटी रुपये आले, ४१० सामने धरले तर सामन्याला ११८ कोटी. त्यात लोकप्रियता आहेच, पण थांबण्याचाही वाटा मोठा आहे. फुटबॉलला पैसा मिळतो तो जिथे प्रेक्षक वर्गणी भरतो तिथे. इंग्लिश प्रीमियर लीगचा २०२५ ते २०२९ चा देशांतर्गत सौदा चार हंगामांना ६७० कोटी पौंडांचा आहे, आणि त्याचा कणा स्काय या तिथल्या वर्गणीवर चालणाऱ्या टीव्ही कंपनीच्या वर्गणीदारांचा आहे. गंमत अशी की शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडमध्ये थेट फुटबॉल दाखवायला बंदी आहे, छोट्या क्लबांची मैदानं ओस पडू नयेत म्हणून. त्यामुळे दुपारी तीनचे सामने हिवाळ्यात बडोद्याच्या अलकापुरीत रात्री साडेआठला थेट दिसतात, आणि ज्या गावात ते चालू असतात तिथल्या टीव्हीवर नाही.

लीगच्या नेतृत्वाचं खरं काम इथे आहे: सगळ्या क्लबांचे हक्क एका मोटेत बांधणं आणि आलेला पैसा भांडण न होता वाटणं. अमेरिकन फुटबॉलच्या (तो खेळच वेगळा) लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी १९६१ मध्ये त्यासाठी थेट कायदा करवून घेतला. सर्व संघांचे हक्क एकत्र विकून पैसा समान वाटायचा. प्रीमियर लीगमध्ये देशांतर्गत रकमेचा निम्मा भाग समान, पाव भाग क्रमांकानुसार आणि पाव भाग किती सामने थेट दाखवले त्यानुसार जातो. मोठा बदल करायचा तर वीसपैकी चौदा क्लब लागतात, त्यामुळे मुख्याधिकारी रिचर्ड मास्टर्स यांना पाच-सहा बड्यांच्या जोरावर काही रेटता येत नाही. फ्रान्सच्या लीगनं २०१८ मध्ये उलटा धडा गिरवला. सर्वात मोठी बोली लावणाऱ्या मीडियाप्रोला हक्क दिले, वर्षाला सुमारे ८० कोटी युरो. त्या कंपनीकडे फ्रान्समध्ये वर्गणीदारच नव्हते, वाहिनी शून्यातून उभी करायची होती. २०२० मध्ये हप्ते थकले आणि वर्ष संपायच्या आत सौदा मोडला. बोली किती मोठी, यापेक्षा बोली लावणारा ती कुठून फेडणार, हे आधी बघायचं असतं.

आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं डिसेंबर २०१० मध्ये १५ वर्षांसाठी ७०० कोटींना व्यावसायिक हक्क दिले, सरासरी वर्षाला ४६-४७ कोटी. त्यातून सुपर लीग उभी राहिली. करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत आला तरी पुढचं ठरेना, म्हणून त्या जुलैत नवा हंगामच थांबवावा लागला. ऑक्टोबरमध्ये निविदा निघाली: पुन्हा १५ वर्षं, वर्षाला किमान ३७.५ कोटी किंवा उत्पन्नाचे पाच टक्के. मुदत संपली तेव्हा एकही बोली आली नव्हती. माझ्या मते आकडा फार मोठा नव्हता. अडचण 'किमान हमी' या शब्दांत होती. ज्याचं रेटिंग सहा घरांवर डोलतं आणि जाहिरातीला जागा मध्यंतराची, त्याची हमी पंधरा वर्षं कोण घेणार? अखेर जानेवारी २०२६ मध्ये १४ क्लबांचा हंगाम फेब्रुवारीपासून जाहीर झाला. प्रत्येकाशी एकदाच खेळायचं, म्हणजे ९१ सामने. आदल्या हंगामात फक्त साखळीतलेच १५६ होते.

फिफानं तर थांबण्याचाच प्रश्न सोडवायला घेतला आहे. २०२६ च्या विश्वचषकात हवामान कसंही असो, प्रत्येक अर्धात पाणी पिण्यासाठी तीन मिनिटांचा विराम ठेवायचं ठरलं. कारण खेळाडूंच्या तब्येतीचं दिलं आहे आणि ते खोटं नाही. पण १०४ सामने, दोन विराम, तीन मिनिटं: ६२४ मिनिटं होतात, आणि ती सगळी खेळाच्या मधोमध, प्रेक्षक टीव्हीपुढून उठलेला नसताना.