बिघडत चाललेल्या हार्ड डिस्कमधून फाइली मिळवणे

हार्ड डिस्क पूर्ण बंद पडण्याआधी तिच्यावरची माहिती दुसऱ्या, चांगल्या डिस्कवर सुखरूप उतरवून घेण्याचे काम. डेटा रिकव्हरीचाच हा एक भाग, पण चुकून पुसलेल्या फाइली परत आणण्याहून त्याची जात वेगळी आहे. फाइली पुसल्या गेल्या असतील तर डिस्क धडधाकट असते, ती कितीही वेळा वाचता येते. बिघडत्या डिस्कचे तसे नसते. ती चालू ठेवलेला प्रत्येक तास तिच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होतो. म्हणून आधी मूळ डिस्कची सेक्टरनिहाय (सेक्टर म्हणजे डिस्कवर माहिती साठवण्याचा लहानात लहान कप्पा) प्रत काढायची आणि शोधाशोध, दुरुस्ती, जुळवाजुळव हे सगळे त्या प्रतीवर करायचे. हा क्रम उलटला की सहज वाचली असती अशी माहितीही हातची जाते.

डिस्क कशी बिघडते

चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचन-लेखन करणारे हेड त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. धक्का बसला किंवा हेड झिजले की ते पृष्ठभागाला घासते. घासून निघालेले कण आत फिरत राहतात, इतर जागी ओरखडे पाडतात आणि बाकीच्या हेडांनाही चिकटतात. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर असा ओरखडा सेकंदाला १२० वेळा गिरवला जातो. खरवडत असलेली डिस्क ‘अजून थोडा वेळ’ चालू ठेवणे एवढे महागात पडते ते यामुळे.

सगळेच बिघाड इतके हिंसक नसतात. बऱ्याचदा ठिकठिकाणचे सेक्टर कमजोर होतात. प्रत्येक सेक्टरसोबत चूक-दुरुस्तीचा संकेत साठवलेला असतो. त्यानेही भागले नाही की डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचू पाहते. घरगुती वापराच्या डिस्क एकेका सेक्टरवर कित्येक सेकंद घालवतात. संगणक गोठल्यासारखा वाटतो तो या वेळात. हल्लीच्या डिस्कचा प्रत्यक्ष सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो, पण अनेक डिस्क संगणकाला तो ५१२ बाइटचे आठ सेक्टर म्हणून दाखवतात. त्यामुळे खराब सेक्टरांचा आकडा अनेकदा आठाच्या पटीत येतो.

तिसरा प्रकार सर्किट बोर्ड जळण्याचा आणि चौथा फर्मवेअरचा, म्हणजे डिस्कला चालवणाऱ्या तिच्या अंगच्या प्रोग्रॅमचा. डिस्क स्वतः चालण्यासाठी लागणारी बरीचशी माहिती तबकडीवरच्या राखीव भागात असते. तो भाग वाचता आला नाही तर डिस्क फिरते, पण आपला आकार शून्य किंवा भलताच सांगते.

लक्षणे आणि निदान

आवाज नीट ऐकावा. एका लयीत टकटक येत असेल तर हेडला आपली जागा सापडत नाही. बारीक बीप किंवा गुरगुर येऊन डिस्क फिरतच नसेल तर बहुधा हेड तबकडीला चिकटले आहे किंवा मोटर अडली आहे. खरवडल्याचा आवाज आला तर त्याच क्षणी वीज काढावी. या तिन्हींत सॉफ्टवेअर चालवून पाहणे म्हणजे नुकसान वाढवणे होय.

आवाज नेहमीसारखा असेल तर स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या क्रमांकवार नोंदी, पाहाव्यात. क्रमांक ५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयासाठी ताटकळलेले, १९८ म्हणजे डिस्कने स्वतःच्या तपासणीत वाचता न येणारे ठरवलेले. १९७ चा आकडा दर काही मिनिटांनी वाढत असेल तर दुसरे काही न तपासता प्रत काढायला घ्यावी. १९९ मात्र निराळा. तो केबलमधल्या चुका मोजतो. तोच एकटा वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलावी. एवढ्यावर काम निभावल्याची उदाहरणे कमी नाहीत. उलट स्मार्टचा एकूण निकाल ‘ठीक’ आला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण उंबरठे सैल ठेवलेले असतात आणि पुष्कळ डिस्क ‘ठीक’ म्हणवत म्हणवत मरतात. डिस्कची दीर्घ स्वयंचाचणीही या वेळी चालवू नये. ती अख्खी डिस्क वाचते आणि हाती काहीच देत नाही.

काय करू नये

विंडोजमध्ये ‘चेकडिस्क’ आणि लिनक्समध्ये ‘एफएससीके’ चालवणे ही सर्वांत घातक आणि सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. ही साधने फाइल सिस्टिमची, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदींची, रचना सुसंगत करण्यासाठी आहेत, फाइली वाचवण्यासाठी नाहीत. डिरेक्टरीची नोंद असलेला सेक्टर क्षणभर वाचता आला नाही तर ती नोंद खराब धरून छाटली जाते, आणि तिच्याखालच्या फाइली बेवारस होऊन अनामिक तुकड्यांच्या रूपात एका फोल्डरमध्ये जमा होतात. हे सगळे लेखन मरू घातलेल्या डिस्कवरच होते, त्यामुळे मागे फिरता येत नाही. ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ या संदेशालाही नकारच द्यावा. पूर्ण फॉरमॅट केल्यावर ताटकळलेल्या सेक्टरांचा आकडा शून्यावर येतो खरा, पण तो त्यांवर नवे लेखन झाल्यामुळे. जुनी माहिती त्यासोबत गेलेली असते.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सुचवला जातो. थंड डिस्क बाहेर काढताच हवेतली वाफ तबकडीवर थिजते आणि हेड पाण्याच्या थेंबांवर आदळते. झाकण उघडून हेड हाताने सरकवणे, डिस्क टेबलावर आपटणे, रिकव्हरीचे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर बसवणे हेही कटाक्षाने टाळावे.

प्रत काढणे

प्रतीसाठी मूळ डिस्कएवढी किंवा मोठी चांगली डिस्क लागते. ‘दोन्ही एक टेराबाइट’ असे लेबल पाहून थांबू नये, सेक्टरांची संख्या पडताळावी. एक टेराबाइटच्या डिस्कवर सहसा ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. प्रत थेट डिस्कवर न काढता इमेज फाइलमध्ये (अख्ख्या डिस्कची नक्कल असलेल्या एका मोठ्या फाइलमध्ये) काढायची असेल तर ती फाइल फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टिमवर मावणार नाही, कारण तिथे एका फाइलला ४ गिगाबाइटची मर्यादा आहे. शक्यतो डिस्क खोक्यातून काढून संगणकाच्या आतल्या साटा केबलने थेट जोडावी. यूएसबी अडॅप्टर वाचनातल्या चुका नीट कळवत नाहीत आणि एखाद्या खराब सेक्टरवर जोडणीच तोडून टाकतात. मात्र काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचे सर्किट मूळ बोर्डावरच असते, आणि काहींत तेच सर्किट सगळी माहिती एन्क्रिप्ट करते, म्हणजे सांकेतिक रूपात बंद करते. अशी डिस्क आपल्या मूळ सर्किटमधूनच वाचावी लागते.

संगणक लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (काही न बसवता थेट चालणाऱ्या प्रणालीवरून) सुरू करावा आणि डिस्क आपोआप माउंट होण्याची, म्हणजे वापरासाठी जोडली जाण्याची, सोय बंद करावी, कारण विंडोज डिस्क दिसताच तिच्यावर काही ना काही लिहू लागते. या कामाचे प्रमुख मुक्त साधन म्हणजे अँटोनियो डियाझ यांचा जीएनयू ‘डीडीरेस्क्यू’. साधी कॉपी पहिल्या अडथळ्यावर अडकते. हा प्रोग्रॅम अडथळा आला की उडी मारून पुढे जातो, सोपे ते आधी गोळा करतो आणि अवघड भागाकडे शेवटी वळतो. पहिल्या टप्प्यात तो मोठमोठे ठोकळे पुढून मागे आणि मागून पुढे वाचतो. नंतर अडलेल्या ठोकळ्यांच्या दोन्ही कडांकडून एकेक सेक्टर आत सरकत वाईट भागाची हद्द शोधतो. तिसऱ्या टप्प्यात हद्दीच्या आतले सेक्टर एकेक करून खरवडून काढतो, आणि सांगितले असेल तरच पुन्हा प्रयत्न करतो.

पहिली फेरी ‘-एन’ हा पर्याय देऊन चालवावी, म्हणजे खरवडण्याचा टप्पा वगळला जातो. डिस्क धडधाकट असेल त्या भागातले सगळे हाती आल्यावर दुसरी फेरी ‘-डी’ आणि ‘-आर३’ देऊन चालवावी. पहिल्याने मधली कॅशे टाळून थेट वाचन होते, दुसऱ्याने तीन जादा प्रयत्न. त्यानंतरही अडले तर कॅपिटल ‘-आर’ देऊन उलट्या दिशेने वाचून पाहावे.

दोन्ही फेऱ्यांना तीच मॅप फाइल द्यायची असते. कुठवर वाचून झाले याचा हिशेब ती ठेवते. ‘+’ म्हणजे मिळाले, ‘?’ म्हणजे अजून हात लावलेला नाही, ‘*’ म्हणजे कडा तपासायच्या आहेत, ‘/’ म्हणजे खरवडायचे आहे, ‘-’ म्हणजे खराब. वीज गेली किंवा डिस्क मध्येच गायब झाली तरी या फाइलमुळे काम तिथूनच पुढे सुरू होते. म्हणून ती लाइव्ह प्रणालीच्या होम फोल्डरमध्ये ठेवू नये. तो फोल्डर रॅममध्ये असतो, संगणक बंद होताच मॅप नाहीसा होतो. वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवावी.

आज्ञेत आधी मूळ डिस्क येते, मग प्रतीची. ही नावे उलटी पडली तर कोरी डिस्क मूळ डिस्कवर लिहिली जाते आणि सगळे संपते. लिनक्स डिस्कना देते ती ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे प्रत्येक वेळी बदलू शकतात. म्हणून एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक लेबलाशी ताडून पाहावेत.

वेळेचा अंदाज वेगावरून येतो. सेकंदाला १५० मेगाबाइट मिळाले तर एक टेराबाइटला दोन तासांहून थोडे कमी लागतात. वेग ५ मेगाबाइटवर आला तर ५५ तास. डिस्कवर पंखा सोडून ती थंड ठेवावी. वेग ठरावीक अंतराने एकदम पडत आणि परत चढत असेल तर एखादे हेड गेलेले असते. प्रत्येक हेडचा भाग डिस्कभर पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेला असतो, त्यामुळे चारांपैकी एक हेड मेले तर साधारण चौथाई माहिती जाते, तीही एका जागची नव्हे तर सगळीकडची. अशा वेळी काही किलोबाइटची कागदपत्रे बहुतेक अखंड मिळतात, तर तासाभराच्या व्हिडिओत हमखास भोके पडतात. मागे काय राहिले आहे यावरून मेलेल्या हेडच्या मागे लागायचे की नाही हे ठरवावे.

वेळ अगदी कमी दिसत असेल तर अख्ख्या डिस्कच्या आधी फाइलींची सूची मिळवणे शहाणपणाचे ठरते. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिममध्ये ही मास्टर फाइल टेबल सहसा पार्टिशनच्या (डिस्कच्या स्वतंत्र विभागाच्या) सुरुवातीपासून ३ गिगाबाइटच्या आसपास सुरू होते. ती मिळाली की फाइलींची नावे आणि जागा कळतात, आणि हवे ते भाग निवडून वाचता येतात.

प्रतीतून फाइली काढणे

प्रत केवळ वाचनासाठी माउंट करावी. बऱ्याचदा फोल्डर जसेच्या तसे दिसतात आणि काम कॉपी करण्यापुरते उरते. पार्टिशन दिसत नसेल तर क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे ‘टेस्टडिस्क’ हरवलेले पार्टिशन शोधते. त्यांचेच ‘फोटोरेक’ फाइल सिस्टिम बाजूला ठेवून फाइलीच्या सुरुवातीच्या खुणांवरून ती ओळखते. जेपेग असेल तर पहिले दोन बाइट हेक्साडेसिमलमध्ये ‘एफएफ डी८’ असतात. या पद्धतीत नावे व फोल्डर मिळत नाहीत, आणि तुकड्यातुकड्यांत साठवलेली फाइल पहिल्या तुकड्यानंतर बिघडते. त्यामुळे फोटोरेक शेवटचा उपाय म्हणून ठेवावा.

फाइल उघडली म्हणजे ती शाबूत आहे असे नव्हे. न वाचलेल्या जागी प्रतीत शून्ये राहतात आणि आकार बरोबरच दिसतो. यावर एक चांगली युक्ती आहे. डीडीरेस्क्यूच्या भरण-पर्यायाने मॅपमध्ये ‘-’ असलेल्या सगळ्या जागी एखादा ठरावीक, अन्यत्र न आढळणारा शब्द लिहावा आणि मग तो शब्द सर्व फाइलींत शोधावा. ज्यांत सापडला त्या फाइली जखमी. हे प्रतीच्या प्रतीवर करावे. जेपेगमधला एक सेक्टर गेला तर तिथून खालचे चित्र रंग बदलते किंवा राखाडी होते. झिप किंवा वर्डच्या नव्या दस्तऐवजाची सूची फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे शेवटचा सेक्टर गेला तर ती उघडतच नाही, पण दुरुस्तीच्या साधनाने आतला मजकूर बऱ्याच वेळा निघतो.

डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनने, बंदिस्त असेल तर ४८ अंकी रिकव्हरी किल्ली आधी शोधून ठेवावी. तिच्याशिवाय शंभर टक्के प्रतही निरुपयोगी.

प्रयोगशाळेचे काम

हेड बदलण्यासाठी त्याच मॉडेलची, शक्यतो त्याच काळात बनलेली, जिचे हेड काढून घेता येईल अशी दुसरी डिस्क लागते आणि धूळविरहित जागा लागते. जळालेल्या बोर्डच्या जागी तसाच दुसरा बोर्ड लावून पूर्वी काम होई. आता होत नाही, कारण प्रत्येक डिस्कच्या हेडांची मोजमापे बोर्डावरच्या छोट्या रॉम चिपमध्ये असतात. ती चिप उखडून नव्या बोर्डावर बसवावी लागते. हेलियम भरलेल्या डिस्क २०१३ पासून बाजारात आहेत. त्या सीलबंद असल्याने काम आणखी अवघड होते. एकमेव प्रत असलेली आणि खरोखर मोलाची माहिती असेल तर घरचे प्रयोग सुरू होण्याआधीच प्रयोगशाळेकडे जावे. उघडलेली, खरवडलेली डिस्क घेऊन गेल्यावर त्यांच्याही हाती फार काही उरत नाही.

सॉलिड स्टेट ड्राइव्हला यातले बरेचसे लागू नाही. ती टकटक करत नाही, बहुधा एकाएकी गप्प होते, आणि तिच्यावरून पुसलेल्या फाइली, मोकळी झालेली जागा ड्राइव्हला कळवणाऱ्या ‘ट्रिम’ आज्ञेमुळे, लवकरच कायमच्या जातात.

फाइली तपासून त्यांच्या दोन प्रती झाल्याखेरीज मूळ डिस्क टाकू नये. टाकताना ती सॉफ्टवेअरने पुसून भागत नाही. बदलून टाकलेल्या सेक्टरांतला जुना मजकूर साध्या पुसण्याच्या कक्षेत येत नाही, आणि खराब भागावर नवे लेखन पोचतच नाही. तबकड्या काढून त्यांची मोडतोड करणे हाच भरवशाचा मार्ग. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि फुटताना बारीक कपच्या उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा.