कल्टमध्ये गेलेले आणि कल्टमध्ये वाढलेले

कल्टमधून, म्हणजे एका गुरूच्या मुठीत चालणाऱ्या बंदिस्त पंथातून, बाहेर पडलेल्या कुणाचीही मुलाखत आली की तोच शेरा येतो: "एवढं कळत नव्हतं, तर गेलेच कशाला?" जो तिथेच जन्मला, तो कधी गेला होता?

मोठेपणी जाणारे आपल्याला माहीत आहेत. पुण्याच्या कोरेगाव पार्कातून १९८१मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनला हललेल्या रजनीशांच्या मागे शिकलेसवरलेले लोक नोकऱ्या सोडून गेले. भगवे कपडे, गळ्यात माळ, नवं नाव. १९८५मध्ये त्यांची तिथली वसाहत, रजनीशपुरम, मोडली तेव्हा त्यांचे पैसे गेले, वर्षं गेली, पोळले ते खरंच. पण जुनं नाव होतं, पदवी होती, कुठेतरी एखादी बहीण होती. परतायला जागा होती.

वाढलेल्यांना नेमकी तीच नसते. डेव्हिड बर्गने १९६८मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला 'चिल्ड्रन ऑफ गॉड' हा पंथ घ्या. हॉलिवूडचे नट रिव्हर आणि वाकीन फिनिक्स हे भाऊ लहानपणी त्यातच होते. येशू १९९३मध्ये परत येणार आणि हे जग संपणार, असं बर्ग सांगे. हे ऐकत वाढलेल्या पोराने दहावीनंतर काय करायचं हे कशाला ठरवावं? १९९३ सरलं, १९९४मध्ये बर्गही गेला, आणि जगाचा अंत होणार म्हणून वाढवलेली मुलं मिसरूड फुटून उभी राहिली: हातात धड शाळेचा दाखला नाही, बाहेर ओळखीचं कुणी नाही.

त्यात मोठ्या माणसाला शंका आली तर ती गुरूबद्दल असते. मुलाची शंका थेट आईवर जाते, कारण गुरूचं म्हणणं त्याला आईच्याच तोंडून कळलेलं असतं. पंथ सोडायचा म्हणजे आई, भावंडं, सगळे मित्र एका दिवसात सोडायचे. बर्गच्या लिखाणात तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारालाही देवाच्या प्रेमाचा मुलामा होता. जे चूक आहे असं कुणी कधी म्हटलंच नाही, त्याची तक्रार करायला शब्द कुठून येणार?

कडक सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढणं म्हणजेही हेच, असं काहीजण म्हणतात. नाही. त्या घरातलं पोर शाळेत जातं, शेजारच्यांकडे टीव्ही बघतं.

बाहेर पडलेल्या अशा मुलांना मिळणारा "आता पहिल्यासारखं जगायला लाग" हा सल्ला तर मला अगदी नकोसा वाटतो. पहिल्यासारखं म्हणजे यांच्या बाबतीत पंथातल्यासारखंच. बँकेत खातं कसं उघडायचं, भाड्याचा करार कसा करायचा, हे शिकवणारं कुणी भेटलं तर जास्त उपयोग होतो. आणि आईवडिलांना माफ करायचं की नाही, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.