टस्कनीचा चिखल आणि आपला वापसा

इटलीतल्या टस्कनीचे फोटो तर सगळ्यांनीच बघितलेत, लाटांसारख्या टेकड्या, वळणावर सरूची दोन-चार झाडं, लांबवर एकटं दगडी घर. माउंटन बाइकवाले हेच बघून तिकडं जातात. आम्हीही तसेच गेलो. फोटोत जी दिसत नाही ती म्हणजे माती, आणि तिनं आमची सायकल आशानो गावाच्या बाहेर अशी काही धरली की त्यावर लिहावंसं वाटलं.

सिएना शहराच्या दक्षिण-पूर्वेला जो भाग आहे त्याला क्रेते सेनेसी म्हणतात, म्हणजे सिएनाची चिकणमाती, नावातच सगळं सांगून ठेवलंय खरं तर. ऑक्टोबर होता, आदल्या दिवशी पाऊस झालेला. सायकल भाड्यानं देणाऱ्यानं बजावलं होतं की पांढऱ्या खडीचा रस्ता सोडू नका, आणि आम्ही मोबाइलवर शेतांमधून जाणारी एक शॉर्टकट वाट बघून तिकडं वळलो. पहिले पन्नास मीटर काही नाही. मग टायर जाड दिसायला लागलं. मग मागच्या चाकातून पीठ मळल्यासारखा आवाज, आणि मग चाक फिरेचना, कारण टायर आणि फ्रेमच्या मधली सगळी जागा मातीनं भरून गेली. उतारावर सायकल ब्रेक न लावता उभी राहिलेली मी पहिल्यांदाच बघितली.

किती माती चढते याचा साधा हिशोब करू. २९ इंची चाकाचा घेर साधारण २.३ मीटर, टायर ६ सेंटीमीटर रुंद, त्यावर १ सेंटीमीटरचा थर बसला तर झाली जवळपास १४०० घन सेंटीमीटर ओली माती, म्हणजे अडीच किलो. दोन चाकांची पाच किलो, फ्रेमला लागलेली वेगळी. मूळ सायकल चौदा किलोची. आणि हे वजन चाकाच्या कडेला असतं, त्यामुळं फिरवायला अजूनच जड.

आता ही माती आली कुठून? समुद्रातून. प्लायोसीन नावाच्या काळात, म्हणजे ५३ लाख ते २६ लाख वर्षांपूर्वी, या भागाच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यावर भूमध्य समुद्राचं पाणी होतं, आणि शांत पाण्यात गाळ हळूहळू तळाला बसत गेला. पुढं जमीन वर उचलली गेली, समुद्र हटला, तळ उघडा पडला आणि पावसानं त्याला कापून या टेकड्या केल्या. २००७ मध्ये मोंताल्चिनो गावाजवळ एका द्राक्षमळ्यात चक्क व्हेलचा सांगाडा सापडला. आज जिथून सगळ्यात जवळचा समुद्र गाठायचा तरी गाडीनं चांगला तासाभराचा रस्ता आहे, तिथं.

शांत पाण्यात तळाशी बसते ती सगळ्यात बारीक माती. चिकणमातीचा कण २ मायक्रॉनपेक्षा लहान असतो, म्हणजे मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एकापेक्षाही बारीक, आणि तो वाळूसारखा गोल दाणा नसतो, पापडासारखा चपटा असतो. पापडांच्या चवडीत पाणी शिरलं की पापड एकमेकांवर घसरतात पण सुटत नाहीत, म्हणून माती हवी तशी वाकते आणि तुटत नाही. वर हेच पाणी टायरच्या रबरालाही धरतं. चाक पुढं गेलं की मातीचा वरचा थर रबरासोबत उचलला जातो, पुढच्या फेरीत ही चिकटलेली माती अजून माती उचलते, कारण मातीला मातीइतकं घट्ट दुसरं काहीच चिकटत नाही.

पण हे सगळं पाणी किती आहे त्यावर ठरतं, आणि गंमत इथंच आहे. १९११ साली आल्बर्ट आटरबर्ग नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं मातीच्या या अवस्थांना सीमा आखून दिल्या. कोरडी माती घट्ट असते, तिच्यात पाणी वाढवत गेलं की एका टप्प्यावर ती मळता येते, अजून वाढवलं की ती वाहायला लागते. पहिल्या टप्प्याला प्लास्टिक लिमिट, दुसऱ्याला लिक्विड लिमिट. ही दोन नावं सिव्हिल इंजिनियरिंगच्या पोरांना झोपेतही पाठ असतात. सायकलवाल्याचा शत्रू आहे तो या दोन्हीच्या मधला पट्टा. त्याच्या खाली माती भुसभुशीत, चाकाला लागत नाही. त्याच्या वर ती पातळ राबडी, उडते खूप पण चाकावर टिकत नाही. म्हणूनच वाटेत खोल डबकं दिसलं की अनुभवी लोक त्याला वळसा न घालता सरळ त्यातून सायकल घालतात, तेवढीच चाकं धुऊन निघतात, आणि आम्ही मात्र बाटलीतलं प्यायचं पाणी थोडं थोडं ओतून चाक सोडवायला गेलो, म्हणजे सुकत आलेल्या मातीला परत मळायच्या अवस्थेत नेऊन ठेवलं. शेवटी काठीनं उकरली.

आटरबर्गच्या कितीतरी आधीपासून आपल्या शेतकऱ्याकडं यासाठी एक शब्द आहे: वापसा. पाऊस पडून गेला की लगेच औत घालत नाहीत, वापसा यायची वाट बघतात. माती मुठीत दाबून गोळा करायचा आणि खाली टाकायचा, फुटला तर वापसा आला, चपटा होऊन बसला तर अजून थांबा. प्लास्टिक लिमिटची लॅबमधली टेस्ट याचीच सख्खी बहीण आहे, काचेवर मातीची वळी वळायची, साधारण ३ मिलिमीटर जाडीला ती तुटायला लागली की त्या वेळचं पाण्याचं प्रमाण मोजायचं. ज्यानं पावसाळ्यात मराठवाड्याच्या काळ्या रानातून सायकल ढकललीय त्याला यातलं काही नवीन नाही, चपलेला चार बोटं माती चढून माणूस उंच होतो ते आपण लहानपणापासून बघतोय.

फरक आहे तो मिठाचा. आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची, तिच्यात कॅल्शियम भरपूर. क्रेतेची माती समुद्राची, तिच्यात सोडियम. मातीच्या पापडांवर ऋण विद्युतभार असतो, कॅल्शियमच्या आयनावर दोन धन भार असल्यानं तो दोन पापडांना जवळ धरून ठेवतो, सोडियमवर एकच भार आणि भोवती पाण्याचा मोठा गराडा, त्याला ते जमत नाही. समुद्राच्या खारट पाण्यात असताना हे चालून जातं. वरून पावसाचं गोडं पाणी पडायला लागलं की पापड सुटे होऊन पाण्यात मिसळतात आणि दुधासारखे गढूळ होऊन वाहून जातात. आपल्याकडं अशा जमिनीला चोपण म्हणतात आणि ती सुधारायला जिप्सम टाकतात, म्हणजे पुन्हा कॅल्शियमच.

क्रेतेत याच कारणानं दोन अजब आकार तयार झालेत. एक कालांकी, म्हणजे सुरीच्या पात्यासारख्या धारा आणि मधे खोल घळी. दुसरं बियांकाने, दहा-पंधरा फुटी बोडके घुमट, उन्हाळ्यात वरती मिठाचा पांढरा थर येतो, नाव त्यावरूनच, इटालियनमध्ये बियांको म्हणजे पांढरा. ते मीठ जेवणातलं नाही, बरंचसं सोडियम सल्फेट. या घुमटांची दक्षिणेची बाजू उन्हानं भाजून उघडी पडलेली आणि उत्तरेच्या बाजूला गवत, त्यामुळं ढग असले तरी एका नजरेत दिशा कळते. मध्ययुगात या भागाला आक्कोनाचं वाळवंट म्हणायचे, आणि १३१३ मध्ये काही संन्यासी एकांत हवा म्हणून मुद्दाम इथं येऊन राहिले, त्यांचा मोंते ओलिवेतो माज्जोरेचा मठ अजून आहे. मागच्या शतकात ट्रॅक्टर-बुलडोझर आले आणि गव्हासाठी बरेचसे घुमट सपाट झाले. आज फोटोत जी गुळगुळीत हिरवी टेकडी दिसते ती पुष्कळदा यंत्रानं घासलेली असते, मला हे कळल्यावर थोडं वाईटच वाटलं.

मग अशा मुलखात रस्ते टिकले कसे? इथले जुने रस्ते बहुतेक टेकडीच्या माथ्यावरून, धारेधारेनं जातात. त्यामुळं चढउतार इतके येतात की पोटऱ्या बोलायला लागतात, पण माथ्यावर पाणी दोन्हीकडं निघून जातं. आणि वर पांढरी खडी. खडीचे कोपरे एकमेकांत अडकतात, मधून पाणी निचरतं, चाकाला चिकणमाती लागतच नाही. हेच ते स्त्रादे बियांके, पांढरे रस्ते, ज्यांच्या नावानं २००७ पासून सायकलची मोठी शर्यत होते आणि सिएनाच्या मधल्या चौकात संपते. २०१८ ची शर्यत भर पावसात झाली, सगळे रायडर डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झाले, पण अरुंद टायर असूनही चाकं फिरत राहिली. आम्ही त्यांच्यापेक्षा दुप्पट रुंद टायर घेऊन, खडीपासून फक्त दोनशे मीटर आत, जागेवर गार.

खडीचा एक त्रास आहे, तो म्हणजे आडव्या पन्हाळ्या, पत्र्याच्या छपरासारख्या. त्याच शर्यतीतल्या मोंते सान्ते मारिएच्या साडेअकरा किलोमीटरच्या टप्प्यात हात बधीर होतात. मला वाटायचं हे गाड्यांच्या स्प्रिंगमुळं होत असणार. २००७ मध्ये ताबेर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या तिघा शास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या वाळूच्या ट्रेवर चाक चालवून बघितलं, तर एका ठरावीक वेगाच्या वर पन्हाळ्या आपोआप उठतात आणि हळूहळू पुढं सरकतही राहतात. चाकाला छोटासा उंचवटा लागतो, ते किंचित उडतं, पडताना खड्डा करतं आणि पुढं वाळू ढकलतं, की झाला पुढचा उंचवटा. त्याच्या खालच्या वेगात वाळू सपाटच राहते. म्हणजे सगळ्यांनी सावकाश चालवलं तर रस्ता नीट राहील, आणि ते कुठल्याच देशात होणार नाही.

यावर सायकलवाल्याच्या हातात एकच उपाय, हवा कमी करणं. मागच्या चाकावर ५० किलो भार धरला तर ८० पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) टायर जमिनीला फक्त ९ चौरस सेंटीमीटर टेकतं, २५ पीएसआयला जवळपास २८. मऊ टायर खडा स्वतःत जिरवून पुढं जातं, कडक टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि माणूस दोघांना उचलतं, आणि ती उचलायची ताकद शेवटी आपल्याच पायातून जाते. पण फार कमी केली तर रिम दगडावर आपटते, तेही एकदा करून झालंय.

ओल्या मातीत न जायचं अजून एक कारण आम्हाला त्याच शेताच्या कडेला दिसलं, कुणीतरी आधी घातलेल्या चाकाची चाकोरी, वाळून विटेसारखी कडक झालेली, नक्षीसकट. पुढच्या पावसात पाणी तिच्यातूनच धावणार आणि वर्षभरात तिची घळ होणार.

दोन दिवस ऊन पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी परत त्याच वाटेच्या तोंडाशी गेलो, चिमूटभर माती घेऊन तळहातावर वळी वळली. पेन्सिलीएवढी झाली आणि तुटली. परत एकदा केली, परत तुटली. मग निघालो, शॉर्टकटनं.