ओव्हनमधलं चिकन कोरडं का होतं, आणि होऊ नये म्हणून काय करावं

'ओव्हनमध्ये करायचंय, कुठले पीस देता?' असं विचारणारे ग्राहक बहुतेक वेळा पुढे हेही सांगतात, की मागच्या वेळी चिकन पार कोरडं झालं होतं. आमचं म्हणणं असं, की निम्मं काम पीस निवडतानाच होऊन जातं. म्हणून हे पत्रक चिकनसोबत पिशवीत घालतो आहोत.

भाजायला फुल लेग किंवा मांडीचे पीस घ्या, हाडासकट आणि कातडीसकट. छातीच्या मांसात चरबी फार कमी असते. ते शिजलं की लगेच बाहेर काढावं लागतं, पाच-सात मिनिटं उशीर झाला तरी भुसभुशीत लागतं. तंगडीचं तसं नाही. चालून-चालून तिथल्या स्नायूंत कोलॅजनचे चिवट धागे जास्त तयार झालेले असतात. आतलं तापमान 80 अंशांच्या पुढे गेलं की ते विरघळून मऊ होतात आणि मांस हाडापासून सहज सुटतं. थोडक्यात, तंगडी थोडी जास्त भाजली गेली तरी बिघडत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला असाच स्वयंपाक हवा असतो. मात्र कातडी हवी हे ऑर्डर देतानाच सांगा, नाहीतर आम्ही सोलून देतो.

घरी नेल्यावर चिकन नळाखाली धुऊ नका. हे पटायला जड जातं, पण धुतल्याने चिकनवरचे जंतू मरत नाहीत. उलट पाण्याच्या बारीक शिंतोड्यांबरोबर ते ओटा, भांडी आणि शेजारी चिरून ठेवलेल्या भाजीवर जातात. जंतू मरतात ते ओव्हनच्या उष्णतेने. धुण्याऐवजी स्वयंपाकघरातल्या कागदी टॉवेलने सगळीकडून नीट टिपून घ्या, कातडीच्या घड्यांतही, आणि मग हात साबणाने धुवा. कातडी ओली राहिली तर आधी ते पाणी उडून जाण्यातच ओव्हनची उष्णता खर्च होते. पाणी आहे तोवर पृष्ठभाग 100 अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग यायला साधारण 140 अंश तरी लागतात. या रंग-वासामागची रासायनिक क्रिया लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये मांडली, म्हणून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

मीठ शक्यतो आदल्या रात्री लावा. किलोभर चिकनला सपाट दोन छोटे चमचे, म्हणजे साधारण 12 ग्रॅम बारीक मीठ पुरतं. आधी मांसातून पाणी सुटतं, त्यात मीठ विरघळतं आणि तेच खारं पाणी हळूहळू परत आत मुरतं. अशा मांसात भाजतानाही रस जास्त टिकतो. पीस पसरट भांड्यात, न झाकता, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. कातडी सुकेल आणि कच्चा रस दुसऱ्या कशावर सांडणार नाही. आदल्या रात्री जमलं नाही तर ओव्हनमध्ये घालायच्या अगदी आधी लावा. अर्धा तास आधी लावलंत तर कातडीवर पाणी सुटलेलं दिसेल, ते टिपून घ्या.

ट्रे भरणं आणि भाजणं

चार माणसांसाठी चार फुल लेग आणि अर्धा किलो बटाटे. बटाट्यांचे साधारण 3 सेंटिमीटरचे तुकडे करा, दोन कांदे जाड चिरा आणि लसणाच्या पाकळ्या सालासकट घ्या. सगळ्याला दोन मोठे चमचे तेल, थोडं मीठ आणि मिरी चोळून ट्रेमध्ये पसरा. वर चिकन ठेवा, कातडीची बाजू वर. गर्दी करू नका. पीस एकमेकांना चिकटले की वाफ कोंडते आणि भाजण्याऐवजी चिकन उकडतं. मोठा ट्रे नसेल तर दोन ट्रे करा.

ओव्हन 200 अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा, पंख्याचा असेल तर 180 वर. ओटीजीमध्ये वरच्या-खालच्या दोन्ही सळ्या चालू आणि ट्रे मधल्या खाचेत. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवरच करा, नुसत्या मायक्रोवेव्हने कातडी भाजली जात नाही. मांडीला 35 ते 40 मिनिटं, फुल लेगला 45 ते 50. लहान ओव्हनमध्ये सळई जवळ असते. रंग लवकर आला तर वर फॉइल सैल ठेवा. मध्येमध्ये दार उघडून पलटत बसू नका, प्रत्येक वेळी आतली उष्णता निघून जाते.

झालं की नाही हे घड्याळावरून ठरवू नका. फ्रिजमधून थेट आलेला जाड पीस आणि लहान पीस यांत सहज दहा मिनिटांचा फरक पडतो. मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्याच, असं आम्ही आग्रहाने सांगतो. तो सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता घाला. 74 अंश झाले की चिकन खायला सुरक्षित, पण तंगडी 80 ते 85 पर्यंत जाऊ द्या, खरी मऊ तेव्हाच होते. हाडाजवळ गुलाबी छटा दिसली की ग्राहक घाबरतात. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग बाहेर झिरपतो आणि पुरेसं शिजल्यावरही ती छटा राहू शकते. त्या बाबतीत थर्मामीटरवर विश्वास ठेवा.

पीस काढून दहा मिनिटं तसेच ठेवा. तेवढ्यात ट्रेच्या तळाला चिकटलेला तपकिरी थर पाहा. कांद्याची करपत आलेली टोकं, चिकनची चरबी, लसणाचा गर, सगळी चव तिथे उतरलेली असते. अर्धी वाटी कढत पाणी घालून लाकडी चमच्याने तो खरवडा, थोडं लिंबू पिळा आणि बटाट्यांवर ओता.

गोठवलेलं आणि उरलेलं

गोठवलेलं चिकन फ्रिजमध्येच रात्रभर सुटू द्या, ओट्यावर नको. आत बर्फ असताना भाजलंत तर बाहेरून करपतं आणि हाडाजवळ कच्चं राहतं. ताजं नेलेलं दोन दिवसांत करा. शिजवलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा आणि खाताना पुन्हा वाफाळेपर्यंत गरम करा. हाडं साठवून ठेवलीत तर कांदा आणि मिरी घालून मंद आचेवर तासभर उकळा, दुसऱ्या दिवशीच्या सूपला तेच पाणी वापरा.