सगळे परूशी ढोंगी होते का?

परूशी म्हणजे येशूच्या काळातला, धर्मशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ. ‘परूशी’ म्हणजे ढोंगी, हे समीकरण उपदेशांतून वर्षानुवर्षे चालत आलंय. सोयीचंही आहे: ढोंग त्यांच्या नावावर टाकलं की आपण मोकळे. पण बायबलचा नवा करार इतका सरसकट बोलत नाही. हेरोद राजा तुम्हाला मारायला बघतोय, इथून निघा, असं येशूला सांगायला आले ते परूशीच (लूक 13:31). येशूच्या दफनासाठी गंधरस आणणारा निकदेम परूशी. येशूच्या प्रेषितांना सोडून द्या म्हणणारा शास्त्राचा शिक्षक गमलियेलही. येशूचा प्रेषित झालेला पौल तर भर यहुदी न्यायसभेत ‘मी परूशी आहे’ म्हणतो, ‘होतो’ नव्हे!

मत्तय 23 मध्ये येशूने परूश्यांची केलेली झोडपणी कडक आहे, ती नाकारता येत नाही. मात्र ‘ढोंगापासून सांभाळा’ हा त्याचा इशारा शिष्यांना दिलेला आहे (लूक 12:1). दान, प्रार्थना, उपास लोकांना दाखवायला करू नका, हेही ऐकणाऱ्यांत शिष्यच पुढे बसले होते.