फोर बाय फोर पाण्यात हलकी का होते?

मुंबईत परळला राहणाऱ्या माझ्या आत्येभावाने मागच्या दिवाळीत फोर बाय फोर गाडी घेतली. सह्याद्रीत भटकायची हौस त्याला आहेच, पण घेण्यामागचं खरं कारण त्याने सांगितलं ते निराळंच होतं. ‘आता हिंदमाताला पाणी भरलं तरी घरी पोचणार.’ अशी समजूत अनेकांची असते, आणि मला तिची काळजी वाटते. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी चिखलात, खडीत, चढावर कमी अडकते हे खरं. ती किती खोल पाण्यात उतरू शकते, हे मात्र त्यावर ठरत नाही.

चाक गाडीला पुढे नेतं ते रस्त्याला धरून. ही पकड टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर आणि चाकावर पडलेल्या वजनावर अवलंबून असते. वजनच नसेल तर चारही चाकं जागच्या जागी गरगरतील. आणि पाणी नेमकं वजनच काढून घेतं. आर्किमिडीजचा नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो: बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकी ती हलकी होते.

आता गाडीचा हिशेब करू. फोर बाय फोर साधारण पावणेदोन टनांची. इंजिनाची जागा आणि चाकांच्या कमानी सोडल्या तर तिचा तळ अंदाजे ५ चौरस मीटरचा. पाणी तळाच्या वर १० सेंटिमीटर चढलं की अर्धा घनमीटर पाणी बाजूला सरतं, म्हणजे गाडी ५०० किलोंनी हलकी. २० सेंटिमीटर चढलं की एक टनाने. दारांच्या रबरातून पाणी आत झिरपतं आणि गाडी पुन्हा जड होते, पण झिरपायला वेळ लागतो. उंच गाडीचा तळ रस्त्यापासून अर्धा मीटरभर वर असतो. त्यामुळे पाणी ७० सेंटिमीटरला पोचलं की निम्म्याहून जास्त वजन गेलेलं असतं. त्यातही इंजिन पुढे असल्यामुळे आधी मागची बाजू उचलली जाते, आणि प्रवाह असेल तर शेपूट वळायला लागतं.

प्रवाहाची ताकद आपण फार कमी लेखतो. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट असतं. गाडीची बाजू दोन चौरस मीटर बुडाली असेल आणि पाणी सेकंदाला एक मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगाने वाहत असेल, तर सुमारे १०० किलो वजनाएवढा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, ४०० किलो. मिठी नदीच्या काठच्या कुर्ला-कलिना भागात, उतारावरच्या गल्ल्यांत पाणी नुसतं साचत नाही, ते वाहतं. वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये.

साचलेल्या पाण्याचं गणित वेगळं. तिथे पहिला धोका इंजिनाला. कंपन्या गाडीच्या पुस्तिकेत पाण्याच्या खोलीची मर्यादा देतात: थारला ६५० मिलिमीटर, एअर सस्पेन्शनवाल्या, म्हणजे हवेच्या फुग्यांवर उंच होऊ शकणाऱ्या डिफेंडरला ९०० मिलिमीटर. या मर्यादेत इंजिन हवा कुठून ओढतं याला फार महत्त्व असतं. २.२ लिटरच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ५५० मिलिलिटर येतात. पिस्टन वर आला की हवा सोळाव्या हिश्शाएवढी आकसते आणि जेमतेम ३७ मिलिलिटर जागा उरते, अर्ध्या कटिंगइतकी. हवा दबते, पाणी दबत नाही. त्या जागेत मावणार नाही इतकं पाणी शिरलं की पिस्टन मध्येच अडतो आणि खाली फिरत्या क्रँकशाफ्टच्या जोराने, पिस्टनला त्याच्याशी जोडणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. बंद पडताना कदाचित रॉड वाचलेला असतो, तो दुसऱ्या प्रयत्नात जातो. स्नॉर्केलने, म्हणजे वर नेलेल्या नळीने, इंजिनाची हवा छतापाशी घेता येते, पण हलकं होणं त्याने थांबत नाही.

पाण्यात हळू चालवा असं सगळे सांगतात. पण हळू म्हणजे किती? उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. खोलीला ९.८ ने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. अर्धा मीटर खोलीला उत्तर येतं सेकंदाला २.२ मीटर, म्हणजे ताशी ८ किलोमीटर. गाडी याच्या थोडी खाली, ताशी ५-६ वर चालली तर बंपरपुढे एक लाट तयार होते आणि तिच्यामागे, इंजिनाभोवती, पाण्याला किंचित खळगा पडतो. ८ च्या जवळ पोचलात की पाण्याला पुढे निसटायला वाव मिळत नाही, ते साचून बॉनेटवर चढतं. मध्येच थांबलात तर खळगा भरतो. म्हणून लो रेंज (फोर बाय फोरमधली कमी वेग, जास्त जोर देणारी गियरची सोय), पहिला किंवा दुसरा गियर, पाय क्लचपासून दूर, आणि एकच स्थिर वेग. मुंबईत आणखी एक पाहावं लागतं: समोरून बस येत असेल तर ती जाऊ द्या. तिची लाट तुमच्या लाटेवर चढते, दोन्हीकडच्या भिंतींवर आपटून परत येते आणि ५० सेंटिमीटरचं पाणी क्षणभर ७० होतं.

जंगलातले अनुभवी चालक ओढा आधी पायी उतरून बघतात. तो सल्ला मुंबईत मी देणार नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत डॉक्टर एल्फिन्स्टन भागात उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले. खोली उभ्या गाड्यांवरून ताडावी. टॅक्सीचं चाक निम्मं बुडालं असेल तर जेमतेम फूटभर पाणी, हेडलाइट बुडाले असतील तर दोन फुटांच्या वर. सबवेत, म्हणजे रुळांखालच्या भुयारी रस्त्यात, मात्र असा अंदाज करताच येत नाही, कारण तळाशी उभी गाडीच नसते. अंधेरी सबवेत पाणी दिसलं की माघारी वळा. बऱ्याच नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली येतात, त्यामुळे मोठ्या भरतीला पाऊस थांबला तरी पाणी हलत नाही. भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर असतं. वेळापत्रक बघून उंचावर गाडी लावून थांबणं हा कित्येकदा सगळ्यात चांगला मार्ग ठरतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा काही माणसं स्वतःच्याच गाडीत अडकून दगावली. दार का उघडत नाही? पाणी दाराच्या खालच्या कडेपासून ६० सेंटिमीटर चढलं की मीटरभर रुंद दारावर बाहेरून सुमारे १८० किलोंचा दाब असतो. तो आतून ढकलून हटत नाही. त्यामुळे गाडी तरंगते आहे असं वाटताक्षणी पट्टा सोडा, काच खाली करा आणि खिडकीतून बाहेर पडा. काच उतरत नसेल तर बाजूची काच कोपऱ्यात फोडा. समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, ती तडकते पण निखळत नाही. हातोडी डिकीत ठेवून उपयोग नाही, ती हाताशी हवी.

पाण्यातून सुखरूप बाहेर आलात तर ब्रेक हलके दाबत काही अंतर चालवा म्हणजे ते सुकतील. अ‍ॅक्सलचं तेलही बघायलाच हवं. चालून ८० अंशांपर्यंत तापलेलं डिफरन्शियलचं (अ‍ॅक्सलच्या मधल्या, ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गियरांचं) घर ३० अंशांच्या पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, दाब सुमारे १४ टक्क्यांनी उतरतो, आणि ब्रीदरच्या, म्हणजे आतली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या छोट्या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. या जुलैत आत्येभाव असाच पाण्यातून घरी पोचला, गाडीही सुरळीत चालत होती. आठवड्याने मेकॅनिकने मागच्या अ‍ॅक्सलचा बोल्ट काढला, तर खालच्या डब्यात तेलाऐवजी ताकासारखा पांढुरका द्रव पडला. त्याने तेल बदललं आणि ब्रीदरची नळी लांबवून इंजिनाच्या वरपर्यंत आणून बांधली.